घरच्या टाकीत ड्वार्फ सिक्लिडची वीण: आधी पिल्लांचं खाणं, मग जोडी

ड्वार्फ सिक्लिडकडून अंडी मिळवणं फारसं अवघड नाही. टाकी मुरलेली (माशांची घाण पचवणारे जिवाणू वाढलेली) असेल, मादी अंड्यांनी भरलेली असेल आणि लपायला एखादी कपार असेल, तर ती अंडी देतेच. अवघड असतं ते त्यानंतरचं. अंडी दिल्यापासून साधारण आठव्या-नवव्या दिवशी पिल्लं पोहायला लागतात. त्या सकाळी त्यांच्या तोंडात मावेल असं जिवंत खाणं हाताशी नसेल, तर आईमागचा घोळका दोन-तीन दिवसांत विरळ होत होत संपून जातो. माझ्या पहिल्या तीन विणी अशाच गेल्या. तिन्ही वेळा मी अंडी बघून हरखलो आणि खाण्याची धावाधाव पिल्लं पोहायला लागल्यावर सुरू केली.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी पिल्लांच्या खाण्याची सोय, मग पाणी, मग टाकी आणि मासे त्यानंतर. प्रत्यक्ष कामही याच क्रमाने करा.

कोणता मासा घ्यायचा

ड्वार्फ सिक्लिड हा काही शास्त्रीय गट नाही. साधारण दहा सेंटिमीटरच्या आत राहणाऱ्या सिक्लिड माशांना हौशी लोकांनी दिलेलं ते सोयीचं नाव आहे. यातलं सर्वांत मोठं घराणं दक्षिण अमेरिकेतल्या एपिस्टोग्रामाचं. त्यात नव्वदहून अधिक जातींची शास्त्रीय नोंद झाली आहे. हौशी मंडळी त्यांना नुसतं ‘एपिस्टो’ म्हणतात. शिवाय रॅम, बोलिव्हियन रॅम, आफ्रिकेतला क्रिबेन्सिस, नानाकारा, लेटाकारा हेही याच मापाचे. टांगानिका सरोवरातले शंखात राहणारे छोटे सिक्लिडही मापाने यातच येतात, पण त्यांना कठीण आणि अल्कधर्मी पाणी लागतं. त्यांचा विषय वेगळा असल्यामुळे या लेखात ते नाहीत.

पहिलाच प्रयत्न असेल तर क्रिबेन्सिस किंवा एपिस्टोग्रामा काकाटुओइडिस घ्या. क्रिबेन्सिसची जोडी जमली की ती जवळपास कुठल्याही स्वच्छ पाण्यात वीण करते, नर-मादी दोघं मिळून पिल्लं सांभाळतात आणि पिल्लंही दणकट असतात. काकाटुओइडिस बाकीच्या एपिस्टोंपेक्षा पाण्याच्या बाबतीत सोशिक आहे. एपिस्टोंपैकीच बोरेली हाही चांगला पर्याय, त्याला थोडं थंड पाणी चालतं. अगासिझी या एपिस्टोला मऊ आणि आम्ल पाणी द्यावंच लागतं, तो दुसऱ्या टप्प्याचा मासा.

रॅमबद्दल स्पष्टच सांगतो. व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्याचा हा मासा दिसायला इतका देखणा आहे की बहुतेक जण सुरुवात त्याच्यापासून करतात आणि निराश होतात. त्याला २७ ते ३० अंश सेल्सियस इतकं उबदार, मऊ आणि अतिशय स्वच्छ पाणी लागतं. त्यात पिढ्यान्‌पिढ्या मत्स्यशेतीत वाढवलेल्या रॅमपैकी पुष्कळांना अंडी सांभाळण्याची जाणच उरलेली नसते. आधी एखाद्या सोप्या जातीची पिल्लं मोठी करून दाखवा, मग रॅमकडे वळा.

खाण्याची तयारी, जोडी आणण्याच्या आधी

पिल्लांसाठी सर्वांत भरवशाचं खाणं म्हणजे नुकतीच फुटलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा इवला जीव), म्हणजेच बेबी ब्राइन श्रिंप. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली बूड कापून उलटी टांगा. त्यात एक लिटर पाणी आणि साधारण २५ ग्रॅम मीठ घाला. पाणी मऊ असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, कारण आर्टेमियाला किंचित अल्कधर्मी पाणी मानवतं. अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी टाकून हवेची नळी थेट तळापर्यंत सोडा. अंडी सतत घुसळत राहिली पाहिजेत, तळाला बसलेली अंडी फुटत नाहीत. तापमान २६ ते २८ अंश आणि वर दिवा असेल, तर साधारण २४ तासांत पाणी नारिंगी दिसू लागतं. गारठा असेल तर ३६ तासही लागतात.

काढताना हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी अगदी तळाला जातात आणि आर्टेमियाची जिवंत पिल्लं उजेडाकडे ओढली जातात. बाटलीच्या खालच्या बाजूला छोटा दिवा धरला की ती तिथे नारिंगी पुंजक्यासारखी जमतात. तेवढीच बारीक नळीने दाट विणीच्या कापडावर ओढून घ्या, गोड्या पाण्याने एकदा धुवा आणि ड्रॉपरने टाकीत सोडा. टरफलं जाऊ देऊ नका. ती पचत नाहीत आणि इवल्या पिल्लांचं पोट त्यांनी तुंबू शकतं.

आर्टेमियाच्या पोटातला पिवळा बलक हेच तिचं खरं पोषण, आणि फुटल्यानंतर काही तासांतच तो खर्च व्हायला लागतो. म्हणून एकच मोठी बाटली भरून तीन दिवस पुरवण्याऐवजी दोन छोट्या बाटल्या चोवीस तासांच्या अंतराने लावा. म्हणजे रोज ताजा माल मिळतो. उरलेली आर्टेमिया तिच्याच खाऱ्या पाण्यात फ्रिजमध्ये एखादा दिवस टिकते. अंड्यांचा डबा मात्र कोरडा आणि थंड जागी ठेवा. ओल लागली की फुटण्याचं प्रमाण झपाट्याने घसरतं. डबा जुना असेल तर मासे आणण्यापूर्वी एक बाटली लावून बघाच.

दुसरा आधार मायक्रोवर्मचा, म्हणजे धाग्यासारख्या बारीक जंतांचा. झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या डब्यात शिजवून गार केलेल्या ओट्सचा बोटभर थर द्या, वर चिमूटभर यीस्ट भुरभुरवा आणि आधीच्या डब्यातलं थोडं विरजण (जिवंत मायक्रोवर्म असलेला लगदा) घाला. तीन ते पाच दिवसांत अळ्या डब्याच्या भिंतीवर चढायला लागतात. बोटाने पुसून घ्यायच्या आणि पाण्यात बोट बुडवायचं, बस. मायक्रोवर्म पाण्यात तळाला जातात, आणि ड्वार्फ सिक्लिडची पिल्लं पहिले काही दिवस तळाजवळच चरत असल्याने ते त्यांना सापडतात. फक्त यावरच पिल्लं वाढवू नका, वाढ खुरटते. डब्याला आंबूस, नकोसा वास यायला लागला की नवं विरजण लावायचं. कायम दोन डबे चालू ठेवा. एक हमखास बिघडतो, आणि बिघडतो तो नेमका पिल्लं पोहायला लागण्याच्या आदल्या दिवशी.

रॅम आणि काही छोट्या एपिस्टोंच्या पिल्लांना पहिले एक-दोन दिवस आर्टेमियाही मोठी पडते. त्यांच्यासाठी व्हिनेगर ईल (व्हिनेगरमध्ये वाढणारे सूक्ष्म जंत) किंवा इन्फुसोरिया (पाण्यातले सूक्ष्मजीव) हवा. मात्र सहा-आठ महिने जुन्या टाकीत, जिथे जावा मॉसचे गुच्छ आणि कुजत आलेली पानं आहेत, तिथे सूक्ष्मजीवांचा थर आपोआपच असतो. पिल्लं दिवसभर त्याला टिपत राहतात. नव्याकोऱ्या चकचकीत टाकीत पिल्लं मरतात आणि जुन्या, जराशा शेवाळलेल्या टाकीत जगतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

पाणी

पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे यावर, फार लोक फार वेळ घालवतात, पण आधी बघायचा असतो तो पाण्याचा कठीणपणा. मऊ पाण्यातून आलेल्या जातींची अंडी कठीण पाण्यात नीट फळत नाहीत किंवा फळली तरी फुटत नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी पडली, की पहिला संशय यावर घ्यावा. साधा टीडीएस मीटर घ्या. तो फक्त विरघळलेल्या क्षारांची एकूण मात्रा सांगतो, पण घरच्या कामाला तेवढं पुरतं.

काकाटुओइडिस, बोरेली आणि क्रिबेन्सिस यांना टीडीएस २०० ते २५० आणि पीएच सातच्या आसपास असला तरी चालतं. अगासिझी आणि रॅमसाठी मी टीडीएस शंभरच्या खाली आणि पीएच साडेपाच ते साडेसहा धरतो. हे जमवायचा सरळ मार्ग म्हणजे आरओचं पाणी मिसळणं. नळाच्या पाण्याचा टीडीएस ३०० आणि आरओचा १० असेल, तर एक भाग नळाचं आणि दोन भाग आरओचं घेतल्यावर मिश्रण १०७ च्या जवळ येतं, शंभरच्या खाली न्यायला आरओचं थोडं वाढवा. नुसतं आरओचं पाणी वापरू नका. त्यात पीएच धरून ठेवणारे कार्बोनेट क्षार जवळपास नसतातच, त्यामुळे पीएच अचानक कोसळू शकतो.

बाटलीतलं पीएच उतरवणारं रसायनही नको. पाण्यात कार्बोनेट शिल्लक असेल तर पीएच दुसऱ्या दिवशी परत वर चढतो. तुम्ही पुन्हा रसायन घालता, आणि या चढउताराने मासा जितका थकतो तितका तो स्थिर साडेसातच्या पीएचमध्येही थकत नाही. आधी आरओच्या पाण्याने कठीणपणा उतरवा, मग बदामाची वाळलेली पानं टाका. टर्मिनेलिया कटाप्पा या झाडाची लालसर तपकिरी होऊन आपोआप गळलेली पानं, कीटकनाशक न फवारलेली. त्यातल्या टॅनिनने पाणी चहासारखं होतं, पीएच हळूहळू उतरतो आणि बुरशीलाही थोडा आळा बसतो. पन्नास-साठ लिटरला दोन-तीन मोठी पानं पुरतात.

इथे एक धोका लक्षात ठेवा. पीएच सहाच्या खाली गेला की अमोनिया खाणारे जिवाणू मंदावतात. आम्ल पाण्यात अमोनिया बराचसा अमोनियमच्या रूपात असतो आणि तो कमी घातक, म्हणून वरवर सगळं ठीक दिसतं. अशा टाकीत एकदम पीएच आठचं पाणी ओतलं, तर तोच अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया होतो. आम्ल टाकीत बदलाचं पाणी नेहमी तशाच मापाचं आणि थोडं थोडं घालायचं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते एक दिवस उघडं ठेवून उडून जातं, क्लोरामाइन मात्र असं जात नाही. त्याला क्लोरामाइनवर चालणारं औषधच लागतं.

टाकी

एका जोडीला ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच, म्हणजे ५४ लिटरची टाकी पुरते. या माशांना उंचीशी देणंघेणं नाही, तळाचं क्षेत्रफळ महत्त्वाचं. बऱ्याच एपिस्टोंमध्ये एका नराच्या हद्दीत दोन-तीन माद्या स्वतंत्र घरं करून राहतात. तसं ठेवायचं असेल तर ९० सेंटिमीटरची टाकी घ्या आणि माद्या एकमेकींना दिसणार नाहीत अशी लाकडं, दगड मांडा.

तळाला बारीक वाळू, दोन-तीन सेंटिमीटरचा थर. एपिस्टो वाळूचा घास घेऊन ती कल्ल्यांतून गाळत बसतात. खडबडीत खडी त्यांना ते करू देत नाही आणि पिल्लंही खडीच्या फटीत अडकतात. फिल्टर स्पंजचाच लावा. इतर फिल्टर पिल्लं ओढून घेतात, शिवाय स्पंजवर साचलेल्या थरावर पिल्लं चरतात. टाकी मासे न घालता किमान सहा आठवडे चालू द्या, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय जोडी आणू नका.

गुहेसाठी नारळाच्या करवंटीसारखी दुसरी वस्तू नाही. अर्धी करवंटी घासून, उकळून, पालथी ठेवायची आणि कडेला मादी जेमतेम आत शिरेल एवढंच भोक पाडायचं, दोन-अडीच सेंटिमीटर. भोक मोठं ठेवलं तर नर आत शिरतो आणि मादी ती जागा नाकारते. एपिस्टोची मादी उलटी होऊन गुहेच्या छताला अंडी चिकटवते, म्हणून छत खरखरीत हवं. मातीची छोटी कुंडी आडवी रोवली तरी चालते. जितक्या माद्या त्यापेक्षा एक तरी गुहा जास्त ठेवा, म्हणजे निवडीला वाव राहतो. रॅमला गुहा नको असते. तो उघड्यावर, सपाट दगडावर किंवा वाळूत केलेल्या खळग्यात अंडी देतो. हाताच्या तळव्याएवढे दोन-तीन गुळगुळीत दगड त्याच्यासाठी ठेवा.

वर तरंगत्या वनस्पती असू द्या. उजेड मंद झाला की हे मासे धीट होतात. सोबतीला पाच-सहा पेन्सिलफिश ठेवले तर आणखी बरं. ते वरच्या थरात राहतात आणि शांत फिरत असले की खालच्यांना धोका नसल्याची खात्री पटते. कोरिडोरास आणि प्लेको मात्र वीण करायच्या टाकीत अजिबात नकोत. ते रात्री तळ चाचपत फिरतात आणि अंधारात आईला त्यांना थोपवता येत नाही. अंडी एका रात्रीत साफ.

जोडी निवडणं आणि तिला तयार करणं

शक्य असेल तर सहा तरुण मासे एकत्र घ्या आणि जोडी त्यांनाच ठरवू द्या. रॅम आणि क्रिबेन्सिसच्या बाबतीत तर हाच मार्ग, कारण तिथे दोघांचं पटावं लागतं. रॅमच्या मादीचं पोट गुलाबी असतं आणि अंगावरच्या काळ्या ठिपक्यात सहसा निळे चमकते ठिपके असतात. नराच्या पाठीवरच्या पराचा दुसरा काटा लांब असतो. मत्स्यशेतीतल्या माशांत या खुणा फसव्या होतात, म्हणून पोटाच्या गुलाबी रंगावर जास्त विसंबा. एपिस्टोचा नर मोठा आणि लांब परांचा. त्यातही दुय्यम नर कधी कधी मादीसारखा रंग घेऊन वावरतो, तेव्हा ‘दोन माद्यां’पैकी एक महिनाभर नुसती फिरत राहिली तर तिच्याकडे नीट पाहा.

आणल्यावर तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. गुदद्वारातून लालसर धाग्यासारखं काही डोकावत असेल तर ते कॅमालॅनस जंत असतात. लेव्हामिसोलसारख्या जंतनाशकाने त्यांचा बंदोबस्त करूनच पुढे जा. मादी अंगाने आधीच खंगलेली असेल तर वीण विसरा.

वेगळं ठेवल्याच्या शेवटच्या दोन आठवड्यांत खाणं वाढवा. डाफ्निया, डासांच्या अळ्या, गोठवलेली ब्राइन श्रिंप, दिवसातून दोनदा थोडं थोडं. ब्लडवर्म आठवड्यातून दोनदाच, जास्त झालं की पोट फुगतं. मादीचं पोट वरून बघितल्यावर दोन्ही बाजूंना गोल दिसायला लागलं की तिला वीण-टाकीत आधी सोडा आणि नराला दोन-तीन दिवसांनी. ती जागा तिची झालेली असते, त्यामुळे तयार नसलेल्या मादीला नर सरसकट झोडपत नाही. तरीही लक्ष ठेवा. मादी वरच्या कोपऱ्यात पर मिटून उभी असेल तर त्याच दिवशी तिला बाहेर काढा, वाट बघू नका.

नंतर दोन दिवसांनी १५-२० टक्के पाणी बदला. बदलाचं पाणी थोडं मऊ आणि टाकीपेक्षा एक-दोन अंश गार असावं. पहिल्या पावसाचं हे छोटं रूप पुष्कळदा दोन-तीन दिवसांत काम करतं.

अंडी ते पोहती पिल्लं

एपिस्टोची मादी तयार झाली की रंगावरून कळतं. राखाडी, साधी दिसणारी मादी लिंबासारखी पिवळीधमक होते आणि अंगावरच्या काळ्या खुणा शाईने काढल्यासारख्या उठतात. ती नरासमोर अंग वाकवून पोट दाखवते, गुहेच्या दारापर्यंत जाते, मागे वळून बघते. अंडी घालण्याची नळी बाहेर डोकावत असते. त्या दिवशी टाकीत हात घालू नका.

अंडी झाली हे बहुतेक वेळा दिसत नाही. मादी गुहेबाहेर येईनाशी होते आणि नर जवळ आला की त्याच्यावर धावून जाते, एवढ्यावरून ओळखायचं. अंडी ४० पासून शंभर-दीडशेपर्यंत असतात, बऱ्याच जातींत लालसर. टॉर्च मारून बघायचा मोह आवरा. घाबरलेली मादी, विशेषतः पहिलटकरीण, अंडी खाऊन टाकते. तिला पंख्यासारखे पर हलवत अंड्यांवरून पाणी खेळतं ठेवायचं असतं, त्यामुळे ती खायलाही क्वचितच बाहेर पडते. थोडी आर्टेमिया ड्रॉपरने गुहेच्या दाराजवळ सोडली तर ती तिथल्या तिथे खाते.

नराचं काय करायचं, हे टाकीवर ठरतं. मोठ्या टाकीत तो लांबून हद्द राखतो आणि उपयोगी पडतो. ६० सेंटिमीटरच्या टाकीत पाठलाग थांबत नसेल, त्याचे पर फाटत असतील, तर त्याला काढा. छोट्या जागेत मादी तिच्या दुपटीच्या नराला मारू शकते. क्रिबेन्सिस आणि रॅममध्ये मात्र दोघं मिळून पिल्लं सांभाळतात, तिथे नर काढला तर उलट नुकसान होतं.

२६-२७ अंशांना एपिस्टोची अंडी तीन दिवसांच्या आसपास फुटतात. बाहेर पडलेली पिल्लं पोहत नाहीत, नुसती वळवळतात आणि पोटाखालच्या बलकाच्या पिशवीवर जगतात. मादी त्यांना तोंडात धरून एका जागेवरून दुसरीकडे हलवते. गुहा अचानक रिकामी दिसली म्हणून तिने खाल्ली असं समजू नका, एखाद्या पानाखाली बघा. आणखी पाच-सहा दिवसांनी ती पिल्लं घेऊन बाहेर येते. रॅमची अंडी २८-२९ अंशांना दोन-अडीच दिवसांत फुटतात आणि पिल्लं त्यानंतर पाच-सहा दिवसांनी पोहतात. वळवळती पिल्लं दिसली त्या दिवशी आर्टेमियाची बाटली तपासा, आणि त्यानंतर तीन दिवसांनी पहिली बाटली लावा. तारीख लिहून ठेवा, अंदाजावर राहू नका.

यानंतरचे दोन आठवडे मी टाकीसमोरून फार हलत नाही. आई अंगाला हलका झटका देते, परांची उघडझाप करते आणि सगळी पिल्लं क्षणात तळाला चिकटून निश्चल होतात. धोका टळला की ती पुन्हा हलकेच इशारा करते आणि घोळका उठतो. चुकार पिल्लू दिसलं की ते तोंडात घेते आणि घोळक्यात आणून थुंकते. कुणी न शिकवता हे घडतं आणि प्रत्येक मादीची पद्धत थोडी निराळी असते.

संध्याकाळी ती सगळ्यांना गोळा करून गुहेत नेते. त्यासाठी तिला वेळ लागतो. टाकीचा दिवा एकदम बंद केला तर पिल्लं जिथल्या तिथे अंधारात विखुरतात आणि सकाळी घोळका अर्धा झालेला असतो. दिवा बंद करण्याआधी अर्धा तास खोलीतला मंद उजेड ठेवा. एवढ्या एका सवयीने माझ्याकडची पिल्लं टिकण्याचं प्रमाण जितकं सुधारलं, तितकं दुसऱ्या कशानेच सुधारलं नाही.

अंडी खाल्ली किंवा पांढरी पडली तर

पहिल्या एक-दोन विणी वाया जाणं नेहमीचं आहे. आई-बापांना चार संधी द्या. दरवेळी अंडी दुसऱ्या दिवशीच पांढरी पडत असतील, तर पाणी कठीण आहे किंवा नर वांझ आहे. पाणी मऊ करूनही तसंच झालं तर नर बदला. अंडी नीट फळलेली असून तिसऱ्या दिवशी गायब होत असतील, तर आईला कुणाची तरी भीती वाटते आहे. सोबतीचे मासे काढा, समोरची वर्दळ कमी करा, टाकीच्या तीन बाजू कागदाने झाका.

अंडी बाहेर काढून फोडणं हा शेवटचा उपाय. करवंटी पाण्याखालीच फिरवून, हवा लागू न देता, त्याच टाकीच्या पाण्याने भरलेल्या पाच-सात लिटरच्या डब्यात न्या. शेजारी हवेचे बुडबुडे सोडा, पण थेट अंड्यांवर नको. पाणी फिकट निळं दिसेल इतकंच मिथिलीन ब्लू घाला आणि पांढरी अंडी ड्रॉपरने काढत राहा, कारण बुरशी एकावरून शेजारच्यावर चढते. फुटल्यावर ते पाणी हळूहळू बदलून निळं जाऊ द्या. यात पिल्लं संख्येने जास्त मिळतात. पण मला ही पद्धत आवडत नाही. आई आणि पिल्लं एकत्र बघण्यासाठीच तर हे मासे पाळायचे. शिवाय सांभाळ करणाऱ्या जोड्यांची पिल्लं पुढे ठेवली, तरच ती वृत्ती पुढच्या पिढ्यांत टिकून राहील.

पिल्लं वाढवणं

पहिले तीन आठवडे दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी थोडं. खाल्ल्यावर पाच मिनिटांनी भिंगातून बघा, पिल्लांची पोटं नारिंगी दिसली पाहिजेत. तशी नसतील तर खाणं त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. ड्रॉपर घोळक्याच्या अगदी वर नेऊन हळूच सोडा. जास्त टाकू नका, गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासांत मरते आणि तळाला सडते.

खाणं वाढलं की पाणीही तितकंच बदलायला हवं. मी एक दिवसाआड दहा टक्के बदलतो. बारीक एअरलाइन नळीने तळ ओढायचा आणि ते पाणी पांढऱ्या बादलीत घ्यायचं, म्हणजे चुकून आलेली पिल्लं दिसतात आणि ड्रॉपरने परत सोडता येतात. नवं पाणी त्याच तापमानाचं, थेंबाथेंबाने. रॅमची पिल्लं एकदम ओतलेल्या पाण्याने मरतात, हे मी दोनदा बघितलं आहे.

तापमानाचा आणखी एक परिणाम असतो, तो नर-मादीच्या प्रमाणावर. उवे रोमर आणि बायझेनहर्झ यांनी १९९६ साली एपिस्टोग्रामाच्या तीसहून अधिक जातींवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. त्यात बहुतेक जातींत पिल्लं नर होणार की मादी, हे सुरुवातीच्या आठवड्यांतल्या तापमानावर अवलंबून असल्याचं दिसलं. पाणी उबदार असेल तर नर जास्त, गार असेल तर माद्या जास्त. म्हणून पहिला दीड महिना २६ अंशांच्या आसपास ठेवा. ‘लवकर वाढतील’ म्हणून २९-३० वर नेलं तर बहुतेक नरच हाती येतात. क्रिबेन्सिसमध्ये असाच परिणाम पीएचचा होतो. आम्ल पाण्यात नर वाढतात आणि सातच्या जवळ माद्यांचं प्रमाण सुधारतं. क्रिबेन्सिसची पिल्लं मुद्दाम आम्ल पाण्यात ठेवण्याची गरज नाही ती यामुळेच.

चौथ्या ते सहाव्या आठवड्यात एक दिवस आईचा पिवळा रंग पुन्हा उजळतो, पण आता ती पिल्लांना जवळ येऊ देत नाही. ती पुढच्या विणीला लागली आहे. त्याच दिवशी पिल्लं वाढीच्या टाकीत हलवा, उशीर केला तर ती त्यांना संपवते. जाळी वापरू नका, पेल्याने पाण्यासकट उचला. वाढीच्या टाकीत जुन्या टाकीचंच निम्मं पाणी आणि तिथेच मुरलेला स्पंज असावा.

तोवर पिल्लं सेंटिमीटरभर होतात आणि बारीक केलेलं कोरडं खाणं घ्यायला लागतात. आर्टेमिया आणखी महिनाभर दिवसातून एकदा चालू ठेवा, रंग आणि शरीर दोन्ही भरतात. मोठी पिल्लं छोट्यांचं खाणं पळवतात, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी आकाराप्रमाणे वेगळी करा. कणा वाकलेली, कल्ल्यांची झाकणं आखूड असलेली पिल्लं विणीसाठी ठेवू नका. तीन-चार महिन्यांत नर-मादी ओळखू येतात. त्याच सुमाराला तरुण नर एकमेकांचे पर फाडायला लागतात, तेव्हा टाकीत आडोसे वाढवा.

मादीला सलग विणी करू देऊ नका. दोन विणींनंतर तिला एक-दोन महिने नरापासून वेगळं ठेवा आणि भरपूर खायला द्या. एपिस्टोचं आयुष्य मुळात दोन-चार वर्षांचंच असतं, सलग विणींत ते आणखी आखडतं.

एका टाकीत एपिस्टोच्या दोन जाती ठेवू नका, माद्या इतक्या सारख्या असतात की संकर झालेला कळतही नाही. जास्त झालेली पिल्लं नदी-तळ्यात सोडू नका. दुसऱ्या हौशी माणसाला देताना जातीचं पूर्ण नाव, आई-बाप कुठून आले, विणीची तारीख, पाण्याचा टीडीएस, पीएच आणि तापमान एका चिठ्ठीवर लिहून पिशवीबरोबर द्या. आणि तुमच्याकडे पुढच्या पिढीसाठी चार-सहा मासे ठेवत असाल, तर त्यांच्या जोडीला दुसऱ्या कुणाच्या रक्ताचा एक नर आत्ताच शोधायला लागा, तो मिळायला वेळ लागतो.